रशियन भाषेचे इंडो-युरोपीय नाते : सातारा-सांगलीच्या बोलीच्या आधारे एक अभ्यास

प्रस्तावना

रशियन ही संस्कृतची कन्या आहे, असे विधान महाराष्ट्रात अधूनमधून व्याख्यानांतून व वृत्तपत्रीय लेखांतून केले जाते. आधारादाखल ‘अग्नी’ आणि ‘अगोन’, ‘नभस्’ आणि ‘न्येबो’, ‘मधु’ आणि ‘म्योद’ अशा पाच-दहा जोड्या मांडल्या जातात. श्रोते चकित होतात आणि विषय तेथेच संपतो. या जोड्या खोट्या नाहीत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. रशियन संस्कृतपासून निघालेली नाही आणि संस्कृतही रशियनच्या कोणत्या पूर्वरूपापासून निघालेली नाही. आज उपलब्ध नसलेल्या एका मूळ भाषेच्या दोन वेगळ्या शाखांवर या भाषा वाढल्या. या विधानात दुसराही एक दोष आहे आणि मराठीच्या अध्यापकांना तो अधिक खटकावयास हवा. नाते सांगावयाचे ते संस्कृतचे. मराठी या लग्नात केवळ वऱ्हाडी.

वस्तुतः कराड-इस्लामपूरकडच्या घरांत रोज उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांत हे नाते संस्कृतइतकेच जिवंत आहे. प्रस्तुत लेखात रशियनचे इंडो-युरोपीय भाषाकुटुंबातील स्थान सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या बोलीच्या आधारे तपासावयाचे आहे. हा परिसर या कामाला सोयीचा आहे. त्याच्या एका टोकाला वाईसारखे संस्कृतविद्येचे व विश्वकोशाचे गाव आहे, दुसऱ्या टोकाला जत तालुक्यात कन्नडशी रोजचा शेजार आहे, आणि दोहोंच्या मधल्या वाटेगावातून निघालेला एक शाहीर प्रत्यक्ष रशियात जाऊन आला आहे.

नात्याचा शोध कसा लागला

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर येथील व्यापारी अफनासी निकितिन चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला आणि पुढे तो बीदरकडे गेला. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे टिपण रशियन वाङ्मयात प्रसिद्ध आहे. मराठी मुलखात राहून आपली भाषा आणि येथील भाषा यांत काही साम्य आहे, असे त्याला वाटल्याचे दिसत नाही. यात नवल नाही. हे नाते केवळ कानाने ओळखू येणारे नव्हेच.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा, असे सांगितले. गॉथिक, केल्टिक व जुनी पर्शियन यांनाही त्यांनी त्या कुटुंबात जागा दिली. स्लाव्ह भाषांचा उल्लेख त्या प्रसिद्ध परिच्छेदात नाही. फ्रान्झ बॉप यांच्या १८१६ च्या ग्रंथातही त्या नव्हत्या. १८३३ पासून त्यांचे तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध होऊ लागले आणि त्याचा पहिला भाग निघून गेल्यावर प्राचीन स्लाव्हचा समावेश झाला. म्हणजे रशियनचे कुळ या कुटुंबात उशिरा दाखल झाले. पुढे मात्र संस्कृतच्या अभ्यासाचे एक मोठे केंद्र रशियाच्याच राजधानीत उभे राहिले. ब्योटलिंक व रोथ यांचा सात खंडांचा संस्कृत कोश सेंट पीटर्सबर्ग येथून १८५५ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या १८७७ च्या विल्सन व्याख्यानांनी या शास्त्राचा पाया घातला. वाईत मिळालेल्या कागदपत्रांपासून इतिहाससाधनांच्या प्रकाशनाला सुरुवात करणारे वि. का. राजवाडे व्युत्पत्तीकडेही वळले. त्यांची प्रतिभा वादातीत असली, तरी अनेक व्युत्पत्तींत नियमापेक्षा कल्पनेची भरारी अधिक आहे, असे म्हणावे लागते. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीविषयक फ्रेंच प्रबंधाने ती उणीव भरून काढली, वा. गो. परांजपे यांच्या अनुवादामुळे तो मराठीतही वाचावयास मिळाला. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ साली आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातील भाषाविषयक अनेक नोंदी ना. गो. कालेलकर यांच्या लेखणीतून उतरल्या. जगातील भाषाकुटुंबांची शास्त्रशुद्ध ओळख सामान्य मराठी वाचकाला झाली ती मुख्यतः या कृष्णाकाठच्या गावातून.

आजच्या ज्ञानानुसार युक्रेनियन व बेलारूशियन या रशियनच्या सख्ख्या बहिणी होत. पोलिश, चेक, बल्गेरियन, सर्बियन या तिच्या चुलत बहिणी. त्यापलीकडे लिथुएनियन व लाटव्हियन या बाल्टिक भाषा. भारतीय-इराणी शाखा याहून दूरची आहे. परंतु ‘शंभर’ या संख्येच्या शब्दात मूळ भाषेतील ‘क’सारखा तालव्य ध्वनी ज्या शाखांनी ‘स’ किंवा ‘श’ केला, त्यांत दोन्हींचा समावेश होतो. लॅटिन ‘केन्तुम्’, ग्रीक ‘हेकातोन’. याउलट संस्कृत ‘शतम्’, लिथुएनियन ‘शिम्तास’, रशियन ‘स्तो’ आणि आपल्या दोनशे-तीनशेमधील ‘शे’.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नवव्या शतकात सिरिल व मेथोडियस यांनी धर्मग्रंथांच्या भाषांतरासाठी घडवलेली प्राचीन चर्च-स्लाव्ह ही रशियनची जननी नव्हे. ती दक्षिण स्लाव्ह बोलीवर आधारलेली होती. तरीही रशियनने तिच्याकडून गंभीर शब्दांचा मोठा साठा घेतला. त्यामुळे रशियनमध्ये ‘गोलोवा’ म्हणजे डोके, तर ‘ग्लावा’ म्हणजे ग्रंथाचे प्रकरण; एकाच मूळ शब्दाची ही दोन रूपे. मराठीत झाडाचे ‘पान’ आणि संस्कृतातून आणलेले ‘पर्ण’ शेजारी-शेजारी नांदतात, तसाच हा प्रकार. तत्सम-तद्भव शिकवणाऱ्या अध्यापकास रशियन शब्दसंग्रहाची ही रचना परकी वाटणार नाही.

सासरची माणसे

दोन भाषांचे नाते पाहावयाचे तर ग्रंथांतील शब्दांपेक्षा घरातील शब्द तपासावेत, असा भाषाशास्त्रातील संकेत आहे. घरातील शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत. मराठी व रशियन यांच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा मिळतो तो सासरघरात.

संस्कृत ‘स्नुषा’, प्राकृत ‘सुण्हा’, मराठी ‘सून’. रशियनमध्ये सुनेला ‘स्नोखा’ म्हणतात. लॅटिन ‘नुरुस’ व ग्रीक ‘नुओस’ हे याच शब्दाचे अन्य वंशज. वैदिक वाङ्मयात ‘स्नुषा’ शब्दाचा उदात्त अंत्य स्वरावर आहे. रशियन ‘स्नोखा’तील आघातही अंत्य स्वरावरच पडतो. मराठीने शब्द राखला, आघात गमावला. नवऱ्याच्या भावाला संस्कृतात ‘देवृ’ वा ‘देवर’, मराठीत ‘दीर’, रशियनमध्ये ‘द्येवेर’. सासूला संस्कृतात ‘श्वश्रू’, रशियनमध्ये ‘स्व्येक्रोव्ह’. सासऱ्याला ‘श्वशुर’ आणि ‘स्व्योकर’. या शेवटच्या जोडीत वर सांगितलेल्या नियमाचा भंग आहे. नियमाप्रमाणे रशियनमध्ये ‘क’ऐवजी ‘स’ यावयास हवा होता. लिथुएनियनच्या ‘शेशुरास’मध्ये तो बदल नियमित झाला आहे. स्लाव्ह व बाल्टिक भाषांत असे काही शब्द अर्ध्या वाटेवर थांबलेले आढळतात. त्याचे कारण काय, यावर अभ्यासकांत अद्याप एकमत नाही.

सर्वांत लक्षणीय शब्द ‘जाऊ’ हा होय. दोन भावांच्या बायका परस्परांच्या कोण, हे सांगणारा शब्द मूळ इंडो-युरोपीय भाषेत होता. संस्कृत ‘यातृ’, होमरच्या ग्रीकमध्ये ‘एइनातेरेस’, लॅटिन ‘इआनित्रिकेस’, जुन्या रशियनमध्ये ‘यात्रोव्ह’. प्रमाण रशियनमधून तो गेला. हिंदीतही ‘जेठानी’ व ‘देवरानी’ असे नवे शब्द आले. सातारा-सांगलीच्या कोणत्याही वाड्यात वा वस्तीवर मात्र ‘जाऊ’ हा शब्द दिवसातून कितीदा तरी उच्चारला जातो, आणि बहुधा कौतुकाने नव्हे.

हे सर्व शब्द नवऱ्याच्या बाजूचे आहेत. बायकोच्या माहेरच्या नात्यांसाठी मूळ भाषेत निश्चित शब्द सापडत नाहीत. रशियनमध्ये बायकोच्या वडिलांना ‘त्येस्त’ व आईला ‘त्योश्शा’ हे निराळे शब्द आहेत, तर मराठीने सासू-सासरे हेच शब्द दोन्हीकडे लावले. लग्नानंतर मुलगी नवऱ्याच्या घरी जात असे आणि नव्या घरातील प्रत्येकाला तिने काय म्हणावयाचे हे ठरलेले असे, अशा समाजाचे चित्र या शब्दांतून उभे राहते. जर्मन अभ्यासक डेलब्रुक यांनी १८८९ मध्ये हे प्रथम तपशिलाने दाखविले.

परंतु येथेच सावध व्हावयास हवे. इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधला प्रदेश मानले आहे. या भागातील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. म्हणजे सासूबाई या आधीपासून मामी किंवा आत्या असू शकतात. उत्तर भारतात, तसेच रशियात, अशा विवाहाला जागा नाही. शब्द एका कुळातले आणि लग्नाची रीत दुसऱ्या कुळातली, अशी ही स्थिती आहे. शब्दांवरून समाजाचा पूर्वेतिहास सरळ वाचता येतो, असे मानणाऱ्यांनी ‘दीर’ व ‘जाऊ’ यांच्या जोडीला हेही लक्षात घ्यावे.

साम्य आणि नियम

मराठी ‘सून’ आणि रशियन ‘सिन’ या शब्दांच्या उच्चारात विलक्षण साम्य आहे. पण ‘सिन’ म्हणजे मुलगा. त्याचे नाते संस्कृत ‘सूनु’शी आहे, ‘स्नुषे’शी नाही. ऐकावयास जवळचे शब्द नात्याने दूर आणि ऐकावयास दूरचे नात्याने जवळ, हे या शास्त्रात पदोपदी घडते. म्हणून निर्णय साम्यावर नव्हे, तर ध्वनिबदलाच्या नियमिततेवर अवलंबून असतो.

एक नियम पाहू. संस्कृतात जेथे विशिष्ट मुळाचा ‘ह’ वा ‘ज’ आहे, तेथे रशियनमध्ये ‘झ’ (दंत्य) येतो. ‘वह्’ म्हणजे वाहणे, रशियन ‘व्येझ्ती’. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे, रशियन ‘झ्नात’. ‘जंभ’ म्हणजे दात, रशियन ‘झूब’. आणि ‘हिम’, रशियन ‘झिमा’. ‘झिमा’ म्हणजे हिवाळा. आपला ‘हिवाळा’, ‘हिंव’, ‘हिवताप’ हे सर्व त्याच ‘हिम’चे वंशज. महाबळेश्वरची थंडी आणि मॉस्कोची थंडी यांची तुलना होऊ शकत नाही, पण शब्द एकच आहे.

दुसरा नियम अधिक सूक्ष्म आहे. इ, उ, र, क या ध्वनींनंतर येणारा मूळ ‘स’ संस्कृतात ‘ष’ होतो आणि स्लाव्ह भाषांत ‘ख’ होतो. ‘स्नुषा’ व ‘स्नोखा’ यांतील ष-ख हा त्याचाच परिणाम. आता मराठी ‘सुका’ आणि रशियन ‘सुखोय’ हे शब्द पाहा. दोहोंचा अर्थ कोरडा, दोहोंचा धातू एक. कोणालाही वाटेल की मराठीतील ‘क’ म्हणजेच रशियनमधील ‘ख’. तसे नाही. ‘सुका’ हा ‘शुष्क’पासून आला, त्यातील ‘क’ हा मागाहून लागलेल्या प्रत्ययाचा आहे. रशियन ‘ख’ हा शुष्कातील ‘ष’चा जोडीदार आहे आणि तो ‘ष’ मराठीत येईपर्यंत नाहीसा झाला. शब्द नात्यातले, पण जे वर्ण सारखे भासतात ते परस्परांचे कोणीच नव्हेत.

संख्यावाचकांतही असाच एक अनपेक्षित दुवा आहे. द्वा, त्री, चितीरे या रशियन शब्दांची दोन, तीन, चार यांच्याशी जुळणी कोणीही करील. ‘प्यात’ म्हणजे पाच. परंतु ‘प्यात’ हा शब्द ‘पञ्च’चा थेट जोडीदार नाही. स्लाव्ह भाषांनी मूळ संख्यावाचकाऐवजी ‘पाचांचा गट’ या अर्थाचे नाम स्वीकारले. तेच नाम संस्कृतात ‘पङ्क्ति’ या रूपात आढळते. पाच चरणांच्या वैदिक छंदाचे ते नाव. पुढे त्याला ओळ असा अर्थ आला आणि मराठीत त्याची ‘पंगत’ झाली. तात्पर्य, रशियन ‘प्यात’ आपल्या ‘पाच’पेक्षा ‘पंगती’ला जवळचा आहे. गावजेवणात पानावर बसलेल्या माणसाला हे सांगितले तर तो हसेल, पण पुरावा पक्का आहे.

याउलट या दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या पट्ट्यात रशियन पाहुणा आला, तर एक शब्द त्याला विनासायास समजेल, तो म्हणजे ‘साखर’. रशियनमध्ये साखरेला ‘साखर’च म्हणतात. नात्याचा पुरावा म्हणून मात्र याची किंमत शून्य आहे. संस्कृत ‘शर्करा’, प्राकृत ‘सक्करा’. हा शब्द मालाबरोबर पश्चिमेकडे गेला, ग्रीकांनी घेतला आणि ग्रीकमधून तो रशियनमध्ये पोहोचला. ‘बाजार’ व ‘संदूक’ हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. एक फारसी, दुसरा अरबी. ‘चाय’ आणि ‘चहा’ तर चीनमधून आले. व्याख्यानांत टाळ्या मिळवणाऱ्या यादीत असे शब्द बेमालूम मिसळलेले असतात.

‘दिला’ आणि ‘दाल’

व्याकरणात हा मोह आणखी वाढतो. रशियनमध्ये ‘दात’ म्हणजे देणे. त्याचा भूतकाळ पुल्लिंगी ‘दाल’, स्त्रीलिंगी ‘दाला’, नपुंसकलिंगी ‘दालो’. मराठीत दिला, दिली, दिले. धातू एकच, भूतकाळाची खूण म्हणून ‘ल’, आणि क्रियापद पुरुषाप्रमाणे न बदलता लिंगाप्रमाणे बदलते. संस्कृतच्या ‘अददात्’मध्ये यातील काहीच नाही. मग मराठी व रशियन यांचे संस्कृतला वगळून काही खास नाते आहे काय?

धातूपुरते उत्तर होकारार्थी आहे; ‘दा’ हा सर्वांचा वारसा आहे. ‘ल’चे तसे नाही. मराठीतील ‘ल’ हा प्राकृतातील ‘इल्ल’ या प्रत्ययापासून आला. ‘गत’चे ‘गअ’ झाले, त्याला ‘इल्ल’ जोडला आणि ‘गेला’ सिद्ध झाला. म्हणजे ‘ल’ लागण्यापूर्वीच तेथे संस्कृतचे ‘त’ प्रत्ययान्त कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित उभे होते. रशियनमधील ‘ल’ हा स्लाव्ह भाषांतील कर्तरी धातुसाधिताचा प्रत्यय आहे. पूर्वी त्याच्याबरोबर ‘असणे’ या क्रियापदाचे रूप येत असे, ते गळून पडले आणि धातुसाधितच क्रियापद झाले. दोन्ही ‘ल’चा अतिप्राचीन उगम एखाद्या विशेषणसाधक प्रत्ययात असेलही, परंतु भूतकाळ घडविण्याचे काम दोन्हीकडे स्वतंत्रपणे झाले.

याची कसोटी वाक्यात लागते. ‘तिने पैसा दिला’, ‘त्याने भाकरी दिली’. कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते. कारण हे रूप मुळात कर्मणी होते. श्रवणबेळगोळच्या शिलालेखातही चावुंडराजाचे नाव तृतीयेत आहे आणि ‘करवियलें’ हे क्रियापद नपुंसकलिंगी आहे. रशियनमध्ये ‘अना दाला ख्लेब’ म्हणजे ‘तिने भाकरी दिली’. तेथे ‘ख्लेब’ हा शब्द पुल्लिंगी असूनही क्रियापद स्त्रीलिंगीच राहते, कारण देणारी स्त्री आहे. रूपे जुळी दिसतात, पण एकाचा पूर्वज कर्मणी आणि दुसऱ्याचा कर्तरी. जुने भूतकाळ मागे पडल्यावर विशेषणासारख्या रूपांतून नवा भूतकाळ उभारण्याची ही प्रक्रिया दोन्ही ठिकाणी घडली, एवढेच येथे समान आहे.

तीन लिंगांची गोष्ट निराळी. हिंदीने नपुंसकलिंग टाकले, बंगालीने लिंगभेदच सोडला; मराठी, गुजराती व कोकणी यांनी ते टिकविले आणि रशियननेही टिकविले. हे मात्र मूळ भाषेतून दोन्हीकडे अखंड चालत आलेले धन आहे. विभक्तींच्या बाबतीत रशियन अधिक सनातनी ठरते. तिच्यात सहा विभक्ती प्रत्ययांसह शाबूत आहेत. मराठीने सामान्यरूप करून त्यापुढे नवे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडली.

शेजाऱ्यांचा वाटा

वंशावळीखेरीज भाषेला शेजारही असतो. रशियनमध्ये ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ हे सांगताना ‘ऊ मिन्या येस्त क्नीगा’ म्हणतात; शब्दशः तेच. इंग्रजीप्रमाणे ‘जवळ बाळगणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद येथे दोन्ही भाषा वापरत नाहीत. मराठीत हे संस्कृतातील षष्ठीच्या वळणाने आले. रशियनमध्ये ही रचना दृढ होण्यास उत्तरेकडील फिनिश कुळातील भाषांचा शेजार कारण झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘तो शिक्षक आहे’ या वाक्यात वर्तमानकाळी रशियन ‘आहे’ वगळते. जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत ऐकू येणारी कन्नडही तसेच करते; ‘अवनु मेष्टरु’ या दोन शब्दांत वाक्य पूर्ण होते. कन्नड ही द्राविडी भाषा, रशियनशी तिचे कोणतेही ज्ञात नाते नाही. तरी या एका बाबतीत रशियनचे साम्य मराठीपेक्षा तिच्याशीच अधिक आहे.

मराठीवरील कन्नड शेजाराचा ठसा खोल आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद रशियनमध्ये नाही, संस्कृतात नव्हता; तो दक्षिणेकडून आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नात्यांच्या शब्दांतही हा शेजार शिरला. घरातील वडीलधाऱ्यांना हाक मारावयाचे ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ हे शब्द कन्नडचे. म्हणजे वाळवा-मिरजेकडच्या एकाच घरात माहेरची मुलगी द्राविडी शब्दाने थोरल्या भावाला हाक मारते आणि सासरी गेल्यावर इंडो-युरोपीय शब्दाने दिराला.

वाटेगावच्या तुकाराम भाऊराव साठे यांना लोकांनी दिलेले नाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. ‘अण्णा’ म्हणजे कन्नडमध्ये थोरला भाऊ. ‘भाऊ’ हा ‘भ्रातृ’चा वंशज, रशियन ‘ब्रात’ त्याचा सहोदर. ‘अण्णा भाऊ’ या चार अक्षरांत दोन भाषाकुटुंबे एकाच अर्थाने शेजारी बसली आहेत.

भाषेचे नाते आणि रक्ताचे नाते

एकोणिसाव्या शतकात भाषेच्या नात्याचे रूपांतर वंशाच्या नात्यात झाले आणि त्याचे परिणाम महाराष्ट्राने भोगले. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) बाहेरून आलेल्या आर्यांनी येथील शेतकऱ्यांना दास केले, असे मांडले. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये वेदांतील उल्लेखांवरून आर्यांचे मूळस्थान उत्तर ध्रुवाजवळ ठरविले. दोघांचे हेतू परस्परविरुद्ध होते. गृहीतक एकच होते की भाषा ज्यांची, रक्तही त्यांचेच. आज रशियन उत्तरेकडील नद्यांची नावे संस्कृत असल्याचे सांगणारे काही लेखक टिळकांचा आधार घेतात, तेव्हा तेच गृहीतक नव्या वेशात परत येते.

२०१५ पासून प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने या वादात नवी भर घातली. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा वंशांश युरोपात पसरल्याचे त्या वर्षी दिसून आले. २०१९ च्या संशोधनात दक्षिण आशियातही तो आढळला. रशियन व भारतीय भाषांच्या पूर्वरूपांचा प्रसार या स्थलांतराशी जोडण्यास आता चांगला आधार आहे. परंतु हाडांतून भाषा वाचता येत नाही. तो वंशांश अत्यल्प असलेले लोकसमूहही आज अस्सल मराठी बोलतात आणि लोकसमूह भाषा बदलतात, हे सीमाभागातील कोणाही शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

रशियन-संस्कृत नात्याच्या गौरवात मराठी वगळली जाते, त्यामागे हेच गृहीतक दडलेले आहे. संस्कृत ज्यांच्या घरी शिकली जाई त्यांचेच रशियनशी नाते, असा त्याचा न बोललेला अर्थ होतो. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, मांग समाजातला. वाटेगाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ज्या समाजाला पाठशाळेचा उंबरठाही ओलांडता येत नव्हता, त्याच्या बोलीतील सून, दीर, जाऊ, हिवाळा, पंगत हे शब्द वाईच्या पंडिताच्या ‘स्नुषा’ व ‘हिम’ यांच्याइतकेच जुन्या घराण्याचे आहेत. हा वारसा कोणी कोणाला शिकविलेला नव्हता. तो तोंडून तोंडी आला. भाषेच्या इतिहासाला सोवळे-ओवळे नसते, आणि तुलनात्मक व्याकरणाचा हा भाग महाविद्यालयांतून फारसा सांगितला गेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अण्णा भाऊंनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पवाडा रचला तो रशियन न जाणता. १९६१ मध्ये ते सोव्हिएत संघात गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यातून निघाले. त्यांचे साहित्य रशियनमध्ये अनुवादित झाले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतील विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यांच्या प्रवासानंतर दोनच वर्षांनी, १९६३ साली, कातेनिना यांचा मराठी व्याकरणाची रूपरेषा सांगणारा ग्रंथ रशियन भाषेत प्रसिद्ध झाला. संस्कृतची पुरवणी म्हणून नव्हे, तर स्वतंत्र भाषा म्हणून मराठीकडे तेथे पाहिले गेले. मराठी शिकू लागलेल्या रशियन विद्यार्थ्याला तीन लिंगे समजावून सांगावी लागत नाहीत आणि ‘दिला-दिली-दिले’ त्याला ओळखीचे वाटते. तो अडखळतो तो ‘तिने पैसा दिला’ या वाक्याशी. देणारी बाई असताना क्रियापद पुल्लिंगी का, हे त्याला कळत नाही.